कँटीनचा आलूबंडा

कॅनडातल्या सास्काटून गावात मराठी घरं एकवीस. भोपाळच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये आलूबंडा कसा मिळायचा, हे त्या एकवीसही घरांतल्या माणसांना तोंडपाठ होतं, कारण त्या गावात अच्युत देवपुजारी राहत होता.

अच्युत तिथल्या नगरपालिकेत जलतरण तलावांचा तपासनीस होता. तलावाच्या काठाकाठानं हिंडायचं, काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, दोन थेंब औषध टाकायचं, रंग बघायचा आणि लिहून ठेवायचं, हे काम तो तीस वर्षं मन लावून करत आला होता. माणूस तसा मितभाषी. पण गणपतीत, संक्रांतीला किंवा कुणाच्या बारशाला ताटात काही तळलेलं आलं, की त्याला कंठ फुटायचा.

"आमचे बाबा कारखान्यातून यायचे ना, साडेतीनचा भोंगा झाला की," तो सुरू करायचा. "सायकलच्या हँडलला डबा. डबा उघडला की वाफ! आत दोन आलूबंडे. कँटीनचे. तसा पदार्थ मी पुन्हा जन्मात खाल्ला नाही."

"म्हणजे बटाटेवडाच ना?" एखादा नवा पुणेकर विचारायचा.

इथे जुनी मंडळी डोळे मिटून घ्यायची. कारण मग अच्युत ताट बाजूला सारून आलूबंडा आणि बटाटेवडा यांतला फरक सांगायचा, आणि तो सांगून होईपर्यंत सगळ्यांची ताटं थंड व्हायची. वड्यात लसूण मिरवते, बंड्यात बडीशेप लाजते. वडा चपटा, बंडा गोल. वडा पावात जातो, बंडा कुणाच्या आत जात नाही, बंड्याला स्वाभिमान असतो, वगैरे.

त्याची बायको वैजयंती हे सगळं तीस वर्षं ऐकत होती. परदेशी गेलेला माणूस देश विसरत नाही म्हणतात. तिचं निरीक्षण वेगळं होतं: माणूस देश विसरतो, गल्ल्या विसरतो, मावसभावांची नावं विसरतो, फक्त मेन्यू विसरत नाही. यंदा अच्युतला तीन आठवड्यांची रजा मिळाली तेव्हा तिनं त्याचं एकट्याचं तिकीट काढलं आणि हातात ठेवलं.

"जा आणि तो बंडा खाऊन या," ती म्हणाली. "पोट भरेस्तोवर खा. पण येताना तो विषय तिकडेच ठेवून या."

अच्युत हिंदुस्थानात अधूनमधून यायचा, पण नागपूरला. बाबा निवृत्त झाल्यावर आईबाबा तिकडेच राहायला गेले होते. भोपाळ मात्र तीस वर्षांत घडलं नव्हतं. आता आईबाबा दोघंही नव्हते, आणि भोपाळात होती ती त्याची थोरली बहीण कमलिनी. कारखान्याच्या वसाहतीला लागून असलेल्या सोनागिरीत तिचं घर. नवरा भालचंद्र त्याच कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेला.

दिल्लीहून गाडीत बसल्यापासून अच्युत खाण्याची उजळणी करत होता. सकाळी पोहे-जिलबी, दुपारी दालबाफले, संध्याकाळी मिठाचा चहा, आणि मध्ये केव्हातरी कारखान्यात जाऊन बंडा. ग्वाल्हेरला त्यानं गाडीत समोसा घेतला. समोसा बरा होता, पण त्यानं तो अर्धाच खाल्ला. मोठ्या लग्नाला जाताना वाटेत कुणी जेवतं का?

सोनागिरीला पोचल्यावर कमलताईनं ओवाळलं, गळ्यात पडून रडली, आणि मग पहिलं काम काय केलं असेल, तर त्याच्या हातातली पाण्याची बाटली काढून घेतली.

"हे बाहेरचं पाणी नको. मी तुझ्यासाठी तीनदा उकळून ठेवलंय."

"अगं ताई, माझं आयुष्य पाणी तपासण्यात गेलं."

"म्हणूनच. तुमच्या पोटाला आता कशाची सवय राहिलेली नसते. टीव्हीवर डॉक्टर सांगत होते."

त्या डॉक्टरनं आणखीही बरंच सांगितलं असावं. दुसऱ्या दिवशी सकाळी अच्युत आंघोळ करून पोह्यांच्या आशेनं टेबलाशी आला, तर समोर बशीत कॉर्नफ्लेक्स. तिसऱ्या दिवशी ओट्स. दुपारी मऊ खिचडी, रात्री दुधीचं सूप. तळणाची कढई ताईनं माळ्यावर टाकली होती. भालचंद्रराव समोर बसून फोडणीची मिरची खात, आणि मेहुण्याकडे पाहून अपराध्यासारखे हळूहळू चावत.

"आपण सास्काटूनलाही हेच खातो," अच्युतनं रात्री वैजयंतीला फोनवर सांगितलं. "फक्त तिथे ओट्स गार होत नाहीत."

चौथ्या दिवशी ताई शेजारी सुचेताकाकूंकडे पारायणाला गेली, तेव्हा त्यानं भाऊजींना गच्चीवर गाठलं.

"भाऊजी, मला कारखान्याच्या कँटीनमध्ये जायचंय."

भालचंद्ररावांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं काही यानं रेल्वेचं इंजीन मागितलं. "कँटीनमध्ये? कशाला?"

"आलूबंडा खायला."

"आलूबंडा तर इंद्रपुरीत कोपऱ्या-कोपऱ्यावर मिळतो."

"तो नाही. कँटीनचा."

त्या कँटीनमध्ये भालचंद्ररावांनी स्वतः चौतीस वर्षं जेवण केलं होतं, आणि निवृत्तीच्या भाषणात त्यांनी जी तीन दुःखं सांगितली होती त्यांत ते एक होतं. पण मेहुण्याच्या डोळ्यांत पाणी तरळलेलं बघून त्यांना ते सांगवेना. "आत जायला पास लागतो," ते म्हणाले. "जनसंपर्कात दुबेजी आहेत. विचारून बघतो."

दुबेजी म्हणजे उत्साही गृहस्थ. भाऊजींनी फोन लावला आणि म्हणाले, "दुबेजी, हमारे साले साहब कनाडा से आए हैं. कारखाना देखना चाहते हैं."

"अरे वा! करते क्या हैं वहाँ?"

भालचंद्ररावांना मेहुण्याचं नेमकं काम कधीच कळलं नव्हतं. "पानी का कुछ है," ते म्हणाले. "सरकारी."

झालं. कारखान्यात पाण्यावर फिरणारी भलीमोठी टर्बाइन्स बनतात. दुबेजींनी कागदावर लिहिलं, 'श्री. ए. देवपुजारी, जलविद्युत तज्ज्ञ, कॅनडा सरकार', आणि कागद वर पाठवला. वर गेलेला कागद जसजसा आणखी वर जातो तसतसा माणूसही मोठा होत जातो. बुधवारी सकाळी दहा वाजता सोनागिरीच्या गल्लीत पांढरी गाडी येऊन थांबली, तेव्हा तिच्यात दुबेजी, पुष्पगुच्छ आणि एक फोटोग्राफर होता.

"आपलं इतकं नाव आहे हे माहीत नव्हतं हं मला," ताई दारातून कौतुकानं म्हणाली.

"बाबांच्या नावावर असेल," अच्युत म्हणाला. शांताराम देवपुजारी कारखान्यात टाइमकीपर होते. त्याला वाटलं, कारखाना आपली माणसं विसरत नाही. गाडीत बसताना त्यानं विचारलं, "कँटीन सुरू असेल ना?"

"सर, लंच का इंतजाम गेस्ट हाउस में है," दुबेजी अभिमानानं म्हणाले.

गेटवर पहारेकऱ्यानं सलाम ठोकला. आत डोक्यावर पिवळं हेल्मेट आलं आणि सोबत सात साहेब. एका प्रचंड शेडमध्ये घराएवढं पोलादी चाक उभं होतं. सातही साहेब चाकाकडे पाहून मग अच्युतकडे पाहू लागले. त्यांतले सर्वांत मोठे साहेब म्हणाले, "सर, आपका क्या ऑब्झर्वेशन है?"

अच्युतनं चाकाकडे पाहिलं. हे पाण्यात जातं, एवढं त्याला समजलं. आणि पाण्याबद्दल त्याला जे माहीत होतं ते तो हिंदीत म्हणाला, "पाणी कसं आहे त्यावर सगळं आहे. आधी पाणी तपासायचं. आंबट झालं की धातू खातं."

साहेबांनी एकमेकांकडे पाहिलं. चौघांनी वह्या काढल्या. एक वयस्कर इंजिनिअर तर पुढे येऊन हात धरून म्हणाला, "सर, यही बात मैं बीस साल से बोल रहा हूँ!"

अच्युतला तेव्हा पहिल्यांदा शंका आली, की इथे काहीतरी घोटाळा आहे. त्यानं तो निस्तरायचाही प्रयत्न केला. "हे बघा, मी मुळात तलावांचा माणूस..."

"रिझर्वॉयर!" दुबेजींनी शेजारच्याला समजावलं. वह्यांमध्ये तेही गेलं.

शेवटी एका हॉलमध्ये चाळीस इंजिनिअर बसवून त्याच्या हातात माइक दिला. भाषण त्याला एकच येत होतं. दर जूनमध्ये तलावावर नव्या लागलेल्या जीवरक्षकांना तो जे पाच मिनिटं सांगायचा, ते. त्यानं तेच सांगितलं. पाणी शांत दिसतं म्हणून गाफील राहू नये. काठावर धावू नये. एका वेळी फार जणांना आत सोडू नये. आणि काही चुकीचं दिसलं, तर लाजू नये, जोरात शिट्टी मारावी.

टाळ्या थांबेनात. "शिट्टी मारावी" हे वाक्य तर एका तरुण अधिकारीबाईंनी फळ्यावर लिहून घेतलं. वरिष्ठांपुढे खरं बोलण्याचं इतकं नेमकं आवाहन त्या हॉलमध्ये आजवर कुणी केलं नव्हतं, असं आभार मानणारे म्हणाले.

अच्युतला टाळ्यांशी कर्तव्य नव्हतं. खिडकीतून त्याला समोरची बैठी इमारत दिसत होती, आणि इमारतीतून तळणाचा वास येत होता. कामगार रांगेनं आत जात होते. तो मोठ्या साहेबांकडे वळला आणि आयुष्यातलं पहिलं धडधडीत खोटं बोलला. "आमच्याकडे कारखान्याची पारख कँटीनवरून करतात."

सात साहेबांचे चेहरे पडले. दुबेजी फोन कानाला लावून पळत सुटले.

कँटीनमध्ये शिरायला मग उगाचच वीस मिनिटं लावली गेली. वाटेत त्याला एक बाग दाखवली, आणि बाग संपल्यावर एक हातपंप. तो आत पोचला तेव्हा लांबच लांब टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर काकडीचे सँडविच, आणि मधोमध टोमॅटोच्या फोडींनी केलेलं एक पान. ते कॅनडाच्या झेंड्यावरचं पान आहे, असं दुबेजींनी सांगितलं म्हणून कळलं. बंड्याचा मागमूस नव्हता. परदेशी पाहुण्याच्या नजरेला पडू नयेत म्हणून सगळे बंडे दोन परातींत भरून मागच्या दाराबाहेर नेले होते.

अच्युतचा बांध फुटला.

"अहो, मला सँडविच नको!" तो मराठीतच ओरडला. "मी इथला आहे! कारखान्याच्या पिपलानी वसाहतीत, दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये वाढलोय! मला बंडा द्या!"

साहेबांना काय झालं ते कळेना. पण मागच्या दारातून पांढरी टोपी घातलेलं एक डोकं आत आलं. तो कँटीनचा मुख्य आचारी दत्तू, मूळचा वर्ध्याकडचा. "कोण बोललं मराठी?" त्यानं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता परात घेऊन आला.

अच्युतनं बंडा दोन्ही हातांत घेतला. डोळे मिटले. एक घास घेतला.

बटाटा होता. बेसनही होतं. पण बडीशेप नव्हती, आमचूर नव्हता, धणे नव्हते. मीठसुद्धा होतं की नाही याची खात्री देता येत नव्हती. त्यानं दुसरा घास घेतला, की कदाचित चव मध्यभागी असेल. मध्यभागी वाटाणा होता.

"हा... हा हल्लीचा आहे ना?" त्यानं क्षीण आवाजात विचारलं. "पूर्वी वेगळा होता?"

"नाही हो साहेब," दत्तू छाती काढून म्हणाला. "माझ्या उस्तादांनी शिकवला तस्साच. चाळीस वर्षांत एक दाणा इकडचा तिकडे नाही."

पांढऱ्या गाडीनं अच्युतला परत आणून सोडलं तेव्हा तो एवढासा झाला होता. हातात स्मृतिचिन्ह म्हणून पितळेचं छोटं टर्बाइन होतं. ते टेबलावर ठेवून तो खुर्चीत बसला आणि ताईला म्हणाला, "मी तीस वर्षं लोकांना खोटं सांगत आलो गं."

सगळी हकिगत त्यानं सांगितली. ताई आधी ऐकत होती. मग तिनं पदर तोंडाला लावला. मग तिचे खांदे हलायला लागले, आणि 'मध्यभागी वाटाणा' हे शब्द आल्याबरोबर ती पलंगावर आडवी झाली. हसता हसता तिला ठसका लागला, भालचंद्ररावांनी पाणी आणलं, ते तीनदा उकळलेलं होतं म्हणून ती आणखी हसली.

"अच्चू," ती डोळे पुसत म्हणाली, "कँटीनची वस्तू गेटाबाहेर आणू देतात का रे कधी? झडती होते. बाबा टाइमकीपर! ते आणतील चोरून बंडे?"

"मग ते बंडे?"

"मी करायचे."

अच्युतला हे वाक्य कळायला थोडा वेळ लागला.

"आई दुपारच्या शाळेत शिकवायची," ताई सांगू लागली. "स्वयंपाक माझ्याकडे. मी चौदाची, तू दहाचा. मी उपमा केला, तर तू त्यानं पतंग चिकटवलास. पोळी केली, ती तू भूगोलाच्या तासाला नेलीस आणि मध्य प्रदेश म्हणून बाईंना दाखवलीस. आठवतं?"

अच्युतला आठवत होतं. बाईंनी त्या नकाशाला दहापैकी सहा गुण दिले होते.

"मी केलेलं तू खायचाच नाहीस. वाळून चालला होतास. मग बाबांनीच युक्ती काढली. तू मैदानावर खेळत असताना मी तळून ठेवायची. ते मागच्या दारी सायकल लावायचे, डब्यात बंडे भरायचे आणि पुढच्या दारानं आत यायचे. म्हणायचे, आज कँटीनला बंडा होता! आणि तू बोटं चाटायचास."

"पण वाफ यायची! तीन किलोमीटरवरून!"

"विचारलं होतंस ना तू. बाबा म्हणाले, कारखान्यात भट्ट्या मोठ्या असतात."

भट्ट्यांचं हे उत्तर अच्युत सास्काटूनमध्ये दोन वेळा स्वतः देऊन चुकला होता, त्यातलं एक भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाला.

"आणि इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"का बोलू?" ताई उठून बसली. "माझ्या लग्नात पंगतीत सांगितलंस, ताईच्या हातात सगळं आहे, फक्त कँटीनची चव नाही. नागपूरला आलास की तेच. फोनवर तेच. मी म्हटलं, बोल बाबा. माझी एवढी स्तुती दुसऱ्या कुणी केली नाही कधी. तुला कळलं असतं तर तू थांबवली असतीस."

भालचंद्रराव इतका वेळ उभेच होते. ते म्हणाले, "म्हणजे तुला आलूबंडा येतो?" लग्नाला सदतीस वर्षं झाली होती. त्यांना आजवर साबुदाणावड्यापलीकडे काही तळलेलं मिळालेलं नव्हतं. ते चहाही न घेता गच्चीवर जाऊन बसले.

ताई काही लगेच कढई उतरवणार नव्हती. अच्युतनं हात जोडले, पाय धरले, टीव्हीवरच्या डॉक्टरला उद्देशून चार शब्द बोलला. शेवटी ती एका अटीवर कबूल झाली. बटाटे तो आणणार, उकडणार, सोलणार, आणि केल्यावर काय म्हणायचं ते तिच्या तोंडावर म्हणणार. गुरुवारी सकाळी दोघं मेहुणे बिट्टन मार्केटच्या बाजारात गेले. भालचंद्ररावांनी प्रत्येक बटाटा कानाशी नेऊन वाजवून घेतला. असं करतात की नाही हे अच्युतला माहीत नव्हतं, पण त्यांचा मूड बघून त्यानं विचारलं नाही.

दुपारी तेल तापलं. ताईनं बडीशेप तळहातावर चुरडली, आमचूर टाकला, धणे अर्धवट कुटले. पहिला घाणा निघाला. अच्युतनं बंडा फोडला आणि तोंडात टाकला, आणि तोंड भाजलं म्हणून की आणखी कशानं, त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"बोल," ताई झारा रोखून म्हणाली.

"ताई, तुझ्या हाताला चव आहे."

"मोठ्यानं. सुचेताकाकूंना ऐकू गेलं पाहिजे."

तो मोठ्यानं बोलला. सुचेताकाकू ताबडतोब आल्या. वासानं की आवाजानं ते कळलं नाही, पण वाटी घेऊनच आल्या. त्यांच्या पाठोपाठ दारात दुबेजी. कारखान्याच्या गृहपत्रिकेच्या पुढच्या अंकासाठी तज्ज्ञांचा लेखी अभिप्राय हवा होता. अच्युतनं ठरवलं, आज खरं बोलण्याचाच दिवस आहे. त्यानं दुबेजींना बसवलं आणि आपण पोहण्याच्या तलावात औषध टाकणारा माणूस आहोत हे पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं.

दुबेजींच्या तोंडात तेव्हा तिसरा बंडा होता. तो त्यांनी शांतपणे संपवला.

"सर, अब तो छप गया," ते म्हणाले. "फोटो के साथ. और पानी की जाँच का ऑर्डर भी निकल गया है. रहने दीजिए." मग जरा पुढे वाकून त्यांनी ताईला विचारलं, "दीदी, इसमें सौंफ कब डालती हैं?"

ताईनं सांगितलं नाही. कागदात गुंडाळून चार बंडे मात्र दिले.

सगळे उठल्यावर ताई स्वतः खायला बसली, तर परातीत नुसता चुरा. अच्युत शरमला. तिला हात धरून खुर्चीत बसवून तो स्वतः ओट्याशी गेला. सारण थोडं उरलं होतं. बेसन त्यानं भिजवलं, ते आधी पातळ झालं, मग घट्ट. बंडे तेलात पडल्यावर एकमेकांना चिकटले, एक फुटला, एक काळा झाला. जो जरा बरा दिसत होता तो त्यानं बशीत घालून ताईसमोर ठेवला.

ताईनं तुकडा मोडला, चावला, बराच वेळ छताकडे पाहिलं.

"कँटीनसारखा झालाय," ती म्हणाली.

पण बशी तिनं रिकामी केली. अच्युतच्या रजेचे अजून काही दिवस उरले होते, आणि तो रोज दुपारी ओट्याशी उभा राहू लागला. ताई मागे खुर्ची टाकून बसायची आणि सूचना द्यायची. दुसऱ्या दिवशी त्याचे बंडे गोल झाले. तिसऱ्या दिवशी मिठाचा अंदाज आला. चौथ्या दिवशी भालचंद्ररावांनी एक खाल्ला, वर्तमानपत्राचं पान उलटलं, आणि कुणी न सांगता दुसरा उचलला.